तात्या सोवनींचं पाणी

तात्या सोवनींनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा मनुष्य खाऱ्या वाऱ्यात लहानाचा मोठा झाला असणार. जन्म बडोद्याचा, शाळा बडोद्याची, लग्न बडोद्यात आणि नोकरीही बडोद्याच्याच एका कचेरीत, जिथे नजरेच्या टप्प्यातलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे मगनभाई शिपायानं भरून ठेवलेला माठ. पण ओखामंडळाच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या आरमाराची विमानं पाण्यावर उतरवण्यासाठी संस्थानानं एक लहानसा तळ ठेवला होता, तो अकरा वर्षं या गृहस्थांनी आपल्या टेबलावरून चालवला. महाराजांच्या कारकिर्दीतली ती अगदी शेवटची वर्षं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असे. तात्या कच्चं लिहीत, मी ते पक्कं उतरवून काढत असे. माझं अक्षर चांगलं होतं. दुसरं काही चांगलं होतं असं आता म्हणवत नाही. तात्यांबद्दल लिहायला मला फार उशीर झाला आहे. खरं म्हणजे लिहायला नव्हे, बोलायला. ते जमलं नाही म्हणून हे लिहिणं.

तात्या अंगानं किरकोळ, नाक मात्र भरघोस. डोक्यावर काळी टोपी, गळाबंद लांब कोट आणि उजव्या कानावर तांबडी पेन्सिल. ती पेन्सिल घेऊन ते एकदा लग्नाच्या पंगतीतही बसले होते. आकडा तोंडातून निघाला की तो लगेच मोडून दाखवायचा, ही त्यांची खोड. "सबनीस, सत्तेचाळीस. चाळीस आणि सात." काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पोळ्या किती करू म्हणून विचारलं तरी उत्तर यायचं, "पाच. तीन आणि दोन." सकाळी कचेरीत पाऊल टाकताना ते नमस्कार करत नसत, तिकडच्या पाण्याची खबर देत. "भरती लागली," किंवा "ओसरतंय." मगनभाई मग येणाऱ्या-जाणाऱ्याला गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "भरती छे." आम्ही तात्यांना दर्यासारंग म्हणायचो, तेही तोंडावर. त्यांना ते मनातून आवडतं हे आम्हाला कळत होतं, म्हणून जरा जास्तच म्हणायचो.

तळाचा जन्मच अपघातानं झाला होता. आरमाराचं एक विमान यंत्र बिघडून तिथल्या खाडीत उतरलं. वालजी तांडेल नावाचा एक खारवी जवळच जाळं टाकून बसला होता. त्यानं ते विमान, गोठ्यात म्हैस बांधावी तसं, आपल्या होडीला बांधून ठेवलं आणि दोन दिवस त्याच्यावर पहारा दिला. विमानवाले खूश झाले. पत्रापत्री झाली आणि खाडीत विमानांच्या मुक्कामाची सोय संस्थानानं करून द्यावी असं ठरलं. सुरुवातीला तिथे होतं काय, तर मिठाची एक रिकामी वखार आणि एक निशाणकाठी. मग धक्का झाला, पेट्रोलच्या डब्यांसाठी पत्र्याची कोठी झाली, विमानं बांधायला साखळदंडांना अडकवलेले चार तरंगते बोये आले, एक मोटारबोट आली. यातल्या प्रत्येक वस्तूचा कागद तात्यांच्या हाताखालून गेला. वालजी तांडेलला लिहिता येत नसे. तो गावच्या मास्तरांकडून गुजरातीत पत्र लिहवून घेई आणि तात्या उलटटपाली उत्तर देत. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण तांडेलच्या घरी कोण आजारी आहे आणि तिसऱ्या बोयाची साखळी कुरकुरते की थांबली, हे तात्यांना शेजारच्या बिऱ्हाडातल्यासारखं ठाऊक असे.

विमानं यायची असली की ती ज्या जहाजावर असत तिथून तार येई. मग तात्यांनी आखून दिलेल्या क्रमानं तिकडे कामाला सुरुवात होई. आधी मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी बाजूला घ्यायची. मग तरंगणारी लाकडं वेचून काढायची आणि निशाणकाठीवर वारा दाखवणारी कापडी बाही चढवायची. वारा अगदीच पडलेला असेल तर मोटारबोटीनं खाडीत गिरक्या घालायच्या. हे शेवटचं वाचून आमचे साहेब हसले होते. पण पाणी आरशासारखं स्वस्थ असलं की ते नेमकं किती खाली आहे हे वरून वैमानिकाला कळत नाही. लाटा उठल्या की कळतं. कुणा वैमानिकाच्या पत्रातल्या दीड ओळीच्या कुरकुरीवरून तात्यांनी हे ताडलं होतं.

ती कापडी बाही पहिल्यांदा शिवली गेली आमच्या लहरीपुऱ्यात. तात्यांनी दिलेली मापं लिहून घेऊन शिंप्यानं विचारलं, "काका, आनो बीजो पायचो क्यां?" एकाच पायाचा पायजमा त्यानं आजवर शिवला नव्हता. तात्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून त्याला अर्धा तास वारा समजावून सांगितला. शिंप्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि नाडी घालायची का, एवढंच विचारलं.

सूरसागराचा प्रकार तर अख्ख्या पेठेला माहीत होता. बोयांचे नांगर जागचे सरकतात अशी तक्रार आली होती. साखळी किती लांब ठेवली म्हणजे नांगर सरकणार नाही, हे तात्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एका सकाळी ते घरातल्या जात्याची तळी खांद्यावर घेऊन सूरसागराच्या पायऱ्या उतरले. तळीला दोर बांधला, दोराच्या दुसऱ्या टोकाला तांब्याची घागर, आणि कमरेइतक्या पाण्यात उभे राहून घागर ओढून बघू लागले. पन्नाशीला आलेला ब्राह्मण गळ्याशी दोर आणि हाताशी दगड घेऊन तलावात उतरलाय म्हटल्यावर माणसं जमली. पोलीस शिपाई धावत आला. "काका, घरमां झगडो थयो?" त्यानं हळूच विचारलं. तात्या म्हणाले, "थांब रे, मोजतोय." शिपायानं त्यांना हाताला धरून घरी आणलं. निथळत्या नवऱ्याकडे आणि शिपायाकडे पाहून काकूंनी पहिला प्रश्न केला, "माझं जातं कुठाय?" ते तळाशीच राहिलं. पण त्या दिवसापासून साखळी खोलीच्या तिप्पट ठेवायची असा नियम झाला आणि नांगर सरकले नाहीत.

एकदा आरमाराचा एक वैमानिक कामानिमित्त बडोद्याला आला होता. तात्यांनी त्याच्याशी खाडीतले प्रवाह, धक्क्याची तिसरी पायरी, संध्याकाळी वळणारा वारा असं काय काय बोलून त्याला थक्क करून सोडलं. निघताना त्यानं विचारलं, तुम्ही तिथे किती वर्षं काढलीत? "अकरा," तात्या इंग्रजीत म्हणाले, "दहा आणि एक." तो गेल्यावर आम्ही हसून घेतलं. तात्या रागावले नाहीत. "खोटं काय बोललो? होतोच की मी तिथे."

मग कधी जाऊन का आले नाहीत? दोनदा रजा मिळाली आणि दोनदा साहेबांनी ती ऐन वेळी रद्द केली. पण खरं कारण वेगळं होतं. तळावर कायमचा व्यवस्थापक नेमण्याचा प्रस्ताव हुजुरांकडे गेला होता, आणि ती जागा तात्यांची हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. "पाहुणा म्हणून नाही जायचं, सबनीस," ते म्हणायचे. "राहायला जायचं. सकाळी उठून पाणी बघायचं ने मग चहा घ्यायचा." काकूंनी तर तिकडच्या दमट हवेत लोणचं टिकतं का, याची चौकशीही तांडेलकडे करवली होती. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच सहा विमानं एकदम येणार होती. ती भेट नीट पार पडली की तात्यांच्या नेमणुकीचा हुकूम काढवून घेतो, असं साहेबांनी सर्वांसमक्ष सांगितलं होतं.

आता माझ्याकडे येतो. इतका वेळ मी जातं आणि पायजमा सांगत बसलो, त्यात टाळाटाळही थोडी आहे.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकाचा एक आडवा पट्टा आहे. भरतीला त्याच्यावरून विमान बिनघोर जातं. ओहोटीला त्याच्यावर बगळे उभे राहतात. म्हणून कुठल्या दिवशी किती वाजल्यापासून उतरावं याचे तक्ते आरमाराला पाठवावे लागत. तात्या ते वालजी तांडेलच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून करत. तांडेलकडे घड्याळ नव्हतं. तात्यांनी त्याला दगडात कोरलेली सावलीची तबकडी पाठवली होती आणि तो सूर्याप्रमाणे वेळ कळवी. आरमाराची घड्याळं मात्र स्टँडर्ड टाइमची. त्या किनाऱ्यावर सूर्य स्टँडर्ड टाइमच्या चोपन्न मिनिटं मागून चालतो. ऋतूप्रमाणे पडणारा बारीकसारीक फरक तात्या कच्च्या तक्त्यातच काढून टाकत. पक्कं करताना मी प्रत्येक वेळेत चोपन्न मिनिटं मिळवायची. "पन्नास आणि चार," तात्या दर खेपेला बजावत.

तात्या स्वतःचा कागद तीनदा तपासत, साहेबांचा दोनदा. माझा कधीच नाही. मी पान पुढे ठेवलं की सही. एकदा मीच म्हटलं, "तात्या, एक नजर तरी टाका." तर म्हणाले, "तुमचं काय बघायचं, सबनीस?"

त्या खेपेला तक्ते दोन महिन्यांचे होते, आणि डभोईला माझ्या सासुरवाडीला मुलीचं बारसं होतं. माझी घाई पाहून तात्यांनी काही पानांची बेरीज आपणच करून दिली. अशा पानांच्या डोक्यावर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं खूण केली होती. खूण असलेलं पान जसंच्या तसं उतरवायचं, खूण नसलेल्या पानात चोपन्न मिळवायचे. साहेबांनी मला सांगितलं होतं की पुरा गठ्ठा टेबलावर ठेवूनच जा. पाच वाजता माझ्याकडे एक पान उरलं होतं. त्याच्यावर खूण नव्हती. डभोईच्या छोट्या गाडीला पाऊण तास होता. बेरजा करत बसलो असतो तर गाडी चुकली असती. मी ते पान बेरीज न करता तसंच उतरवलं आणि गठ्ठ्यात मधोमध घातलं. गठ्ठा जायला तीन दिवस होते. परवा येऊन पान बदलू, असं मनाशी ठरवलं. हे मी चुकून केलं नाही. समजून उमजून केलं.

डभोईत सासूबाईंनी आग्रहानं एक दिवस ठेवून घेतलं आणि मीही राहिलो. परत आलो तर गठ्ठा आदल्या दिवशीच रवाना झालेला. "सोवनीकाकाए बधी सही करी नाखी," मगनभाई म्हणाला. तात्यांनी सगळ्या सह्या करून टाकल्या होत्या. त्या वेळी एक तार पुरली असती. पण तार करायची म्हणजे साहेबांना सांगायचं, आणि साहेबांना सांगायचं म्हणजे असं पान गठ्ठ्यात का घातलंत याला उत्तर द्यायचं. मी तारखा पाहिल्या. विमानं पहिल्या पंधरवड्यात येणार होती. ते पान दुसऱ्या पंधरवड्याचं. म्हणजे त्या पानाकडे कुणी बघणारच नाही. पुढच्या टपालानं दुरुस्तीचं पान पाठवू म्हटलं. पुढचं टपाल गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. हळूहळू मला त्या पानाचा विसरच पडला, असं म्हणायचं माझ्या मनात होतं; पण ते खरं नाही. मला रोज आठवत होतं.

आणि मग जहाजाला कुठेतरी उशीर झाला आणि विमानांची भेट आठ दिवस पुढे गेली.

आमच्या पानात सकाळी आठपासून उतरावं असं लिहिलं होतं. खरं पुरेसं पाणी आठ चोपन्नला यायचं होतं. तांडेलला धक्क्यावरून दिसत होतं की पाणी अजून अपुरं आहे. तो हातवारे करत मोटारबोट घेऊन निघालाही. पण वरच्याला तक्त्याचा भरवसा. पहिलं विमान उतरलं आणि त्याचं पोट खडकावर फाटलं. बाकीची पाच वरच्या वर जहाजाकडे परत गेली. आतल्या तिघांना तांडेलनं बाहेर काढलं, तिघेही वाचले. विमान बुडू नये म्हणून त्याला बोयाला अडकवताना तांडेलच्या उजव्या हाताची दोन बोटं साखळीत सापडून चेंगरली. ती पुढे काढावी लागली.

तार आली त्या दिवशी तात्या साहेबांच्या खोलीतून बाहेर आले आणि सरळ तांडेलची पत्रं काढून बसले. तासाभरात त्यांना कळलं. "मिळवलेच नाहीत," ते म्हणाले. "चोपन्न मिळवलेच नाहीत हो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय असता तर बरं झालं असतं. "सबनीस, नीट आठवून सांगा. त्या पानावर माझी तांबडी खूण होती का?"

त्यांचा प्रश्न सरळ होता. खूण असेल तर चूक त्यांची: बेरीज केली असं समजून त्यांनी खूण केली आणि बेरीज राहिली. खूण नसेल तर चूक माझी. कच्चं पान माझ्या खणात होतं. हात लांब केला असता तर खणाची कडी हाताला लागली असती.

"होती," मी म्हणालो. "बहुतेक होती."

ते "बहुतेक" मी का घातलं, कुणास ठाऊक. खोटं बोलतानाही माणूस जरा सभ्य राहायला बघतो.

तात्यांनी मान हलवली. "मग माझंच. तुम्ही काय करणार." ते पुन्हा साहेबांकडे गेले आणि चूक आपली आहे असं लिहून देऊन आले. साहेबांनी कच्चा तक्ता मागवला तेव्हा मी तो सापडत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आंघोळीचा बंब पेटवताना मी तो आत घातला. पाणी चांगलं तापलं. मी आंघोळ केली, जेवलो आणि वेळेवर कचेरीत गेलो. आज इतक्या वर्षांनी मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या जेवणाची.

तात्यांना मुदतीआधी पेन्शनीत काढलं. व्यवस्थापकाच्या जागेचा हुकूम मात्र आला, कारण आरमारालाही आता तिथे जबाबदार माणूस हवा होता. कुणाला पाठवावं असं साहेबांनी जाता जाता तात्यांनाच विचारलं. तात्या म्हणाले, "सबनीसांना पाठवा. त्यांचा हात चुकत नाही." हे मला साहेबांनी सांगितलं, शाबासकी म्हणून. मी नको म्हणू शकलो असतो. तीन मुली होत्या, पगार वाढत होता, राहायला बंगली मिळत होती. मी गेलो.

चार वर्षं मी तात्यांच्या जागेवर राहिलो. सकाळी उठून पाणी बघितलं आणि मग चहा घेतला. वालजी तांडेल रोज धक्क्यावर भेटे. उरलेल्या तीन बोटांनी तो सुकाणू असं धरी की कुणाला काही कळू नये. त्या अपघाताविषयी तो एवढंच म्हणे, "सोवनीभाईनुं पाणी खोटुं न पडे." तात्यांनी सांगितलेलं पाणी चुकूच शकत नाही, चूक दुसरीकडे कुठेतरी आहे, असं त्याचं ठाम मत होतं. तो हे माझ्याकडे बघून म्हणत नसे, समुद्राकडे बघून म्हणे. तरी मी मान खाली घालत असे.

तात्या बडोद्याचं बिऱ्हाड मोडून डभोईला काकूंच्या भावाच्या घरी राहायला गेले होते. डभोई माझी सासुरवाडी. मेहुण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा त्यांना टाळणं शक्य नव्हतं, आणि या खेपेला सांगून टाकायचं असं मी गाडीतच ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

तात्या ओसरीवर बसले होते. कानावर पेन्सिल नव्हती. "या या, सबनीस. केम, मजेत ना?" ते उठून उभे राहिले, तेवढ्यानंच मला कसंसं झालं. काकूंनी चहा आणला आणि त्यांच्यादेखत मला म्हणाल्या, "अहो, हे आता आकडाच बोलत नाहीत. पोळ्या किती करू म्हटलं तर म्हणतात, तूच बघ. घड्याळ ट्रंकेत टाकून दिलंय. भाजीवालीनं माप बरोबर घातलं का म्हणून शेजारणीला विचारून येतात." तात्या नुसते हसले. जागा गेली, समुद्र गेला, एवढंच मी आजवर धरून चाललो होतो. त्यांच्या डोक्यातून काय गेलं आहे हे मला तेव्हा दिसलं.

"बरं झालं आलात," तात्या म्हणाले. "कुसुमच्या मुलीची पत्रिका करायची आहे." कुसुम ही त्यांची लेक, बाळंतपणाला आलेली. "डॉक्टरीणबाईंच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ते घड्याळ स्टँडर्ड. गुरुजींना इथल्या सूर्याची वेळ हवी आहे. मिळवायचे की वजा करायचे?"

"वजा, तात्या."

"किती?"

"छत्तीस."

मी थांबलो. तीस आणि सहा, असं ते म्हणतील म्हणून थांबलो. ते म्हणाले नाहीत. मी कागदावर तीन चौतीस लिहून दिलं.

"मीही चार वेळा केलं," ते म्हणाले. "चारही वेळा हेच आलं. पण माझं काय खरं? मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"तात्या, तुमचं बरोबरच होतं," मी म्हणालो. त्यांना वाटलं मी पत्रिकेबद्दल बोलतो आहे. मी पुढे म्हणालो, "तांडेल अजून म्हणतो, तुमचं पाणी चुकत नाही."

"भला माणूस आहे. बोटं कशी आहेत त्याची?"

"बरी आहेत."

"माझ्यामुळे गेली," तात्या म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. काकू आत गेल्या होत्या. ओसरीवर आम्ही दोघंच होतो, कुणी येणार नव्हतं, काही वाजत नव्हतं. जुळवलेली वाक्यं सगळी तोंडात होती. मी चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

ते मला पोचवायला स्टेशनवर आले. मी नको नको म्हणत होतो. मी डब्यात बसल्यावर ते खिडकीशी उभे राहिले आणि जरा वेळानं, लहान मुलानं विचारावं तसं, म्हणाले, "सबनीस, सकाळचं कसं दिसतं हो ते? पाणी?"

मी सांगायला लागलो. खडकाचा पट्टा कसा बुडत जातो, बोये एका दिशेला कसे तोंड वळवतात. ते डोळे मिटून ऐकत होते. माझं बोलणं चालू असताना मध्येच ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा तिसरी पायरी बुडलेली." ती बुडलेलीच असते. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही याच. काकूंना घेऊन या. बंगली मोठी आहे. मी तिकिटं पाठवतो."

"नको नको." त्यांनी खिडकीवरचा हात मागे घेतला. "मी यायचो ने तिथे परत काहीतरी चुकायचं. माझ्यासारख्यानं पाण्यापासून लांबच राहावं."

गाडीनं शिटी दिली. डभोईची छोटी गाडी कशी सुटते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. बैलगाडीही तिच्या पुढे जाईल. तात्या खिडकीच्या गजावर हात ठेवून बरोबर चालत राहिले, घरच्यांना नमस्कार सांगा म्हणाले, तांडेलला माझी आठवण द्या म्हणाले. फलाट संपेपर्यंत ते माझ्याबरोबर चालत होते. बोलायला वेळ पुष्कळ होता.